मडावीच्या गाडीची फर्स्ट परेड

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी घुग्घुसच्या घराच्या अंगणात माझ्या मोटारसायकलची लास्ट परेड केली. फौजेत ड्रायव्हरकी केलेल्या माणसाला हे शब्द जन्मभर सोडत नाहीत. सकाळी फर्स्ट परेड, संध्याकाळी लास्ट परेड. गाडी रोडवर जाणार असो की दिवसभर शेडमध्ये उभी राहणार असो, ड्रायव्हरने तिच्याजवळ जायचं. ऑइल बघायचं, टायर दाबून बघायचे, इंजिन सुरू करून कान देऊन ऐकायचं. मग गाड्यांचा जिम्मा असलेल्या हवालदाराला रिपोर्ट द्यायचा: "गाड़ी फिट फॉर रोड, उस्ताद." शेवटची काही वर्षं तो उस्ताद मीच होतो. हवालदार रफिक शेख, ट्रान्सपोर्ट कंपनी.

पेन्शन आल्यावर मी एका सिमेंट कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीत लागलो. काम काय, तर खुर्चीत बसायचं. शिफ्ट सुटली की शेदोनशे मोटारसायकली धूळ उडवत समोरून जात. कोणाची चेन ढिली, कोणाचा टॅपेट वाजतोय, कोणी क्लच अर्धा दाबून गाडी मारतोय, सगळं मला बसल्या जागी ऐकू यायचं. उठून प्रत्येकाच्या कानाखाली एक द्यावी असं वाटायचं. माणूस बसून राहिला की गंजतो आणि मी तर खुर्चीसकट गंजत होतो. वर्षातून एकदा, मोहाची फुलं गळायला लागली की मला कोणी धरून ठेवू शकत नसे.

"फिर वो जंगल?" माझ्या बायकोने, सकीनाने, भाकरी थापता थापता विचारलं. "इस बार किसका इंजिन बिगड़ा?"

"मडावीच्या घरी जातोय. दरवर्षीसारखा."

"और भोयरभाई?"

या वेळी खरी अडचण तीच होती.

आमच्या कंपनीत चंद्रपूर-गडचिरोलीकडचे तिघेच. घुग्घुसचा मी, सावलीचा नामदेव भोयर, आणि आलापल्लीच्या पुढे सडकेपासून आत असलेल्या एका गावचा दसरू मडावी. फौजेत दोन मराठी माणसं भेटली की ती भाऊ होतात. आम्हाला तर एकमेकांची बोलीही कळायची. 'काऊन बे', म्हणजे 'का रे', म्हटलं की तिघांनी एकदम मागे वळून बघायचं. आमचा एक नेम होता. जो सुट्टीवर येईल त्याने आपल्या घरी चार दिवस राहून झालं की बाकी दोघांच्या घरी जाऊन यायचं, खुशाली सांगायची, जेवायचं आणि तिथल्या माणसांना डोळ्यांनी बघून परत आल्यावर सांगायचं. दसरूच्या आईच्या हातची आंबील एका वर्षी त्याच्याआधी मीच प्यालो होतो. त्यावरून तो महिनाभर माझ्याशी भांडला होता.

दसरूने फौजेच्या कँटीनमधून शंभर सीसीची एक मोटारसायकल नोंदवली होती. त्या काळी नंबर लागायला फार वेळ लागे. "माय कधी गाडीवर बसली नाई. तिले अहेरीच्या बाजारात नेतो," असं तो सगळ्यांना सांगत फिरायचा. नंबर लागला तेव्हा दसरू राहिला नव्हता. आमच्या कंपनी कमांडर साहेबांनी गाडी त्याच्या घरी पोचवायचं काम मला दिलं. नागपूरहून त्याच्या अंगणापर्यंत ती मीच चालवत नेली. त्यानंतर त्या गाडीवर कोणी बसलं नाही. मायने ती पडवीत उभी केली, वर पोतं टाकलं आणि धाकट्या पोराला, बिरजूलाही हात लावू दिला नाही. फक्त मला परवानगी होती. दरवर्षी मी जायचो, जुनं पेट्रोल काढून नवीन टाकायचो, प्लग साफ करायचो, किक मारायचो. इंजिन सुरू झालं की माय दाराच्या चौकटीला टेकून ऐकायची. बंद केलं की आत जायची. मीटरवर आकडा तोच, नागपूर ते त्यांचं अंगण.

नामदेव मात्र दसरूनंतर एकदाही तिकडे गेला नव्हता. दसरू गेला तेव्हा तो त्याच्या शेजारी बसला होता.

त्या वर्षी होळीच्या आधी बिरजूने आलापल्लीच्या एसटीडी बूथवरून आमच्या शेजारच्या दुकानात फोन केला. "रफिकभाऊ, माय म्हणून राह्यली, या खेपेले नामदेवभाऊले घेऊन या. तो येत नसन तं तुम्ही बी येऊ नका. गाडी विकून टाकतो म्हणते."

"विकते? काऊन?"

"उभी गाडी कायले पाह्यजे म्हणते. मले नाई मालूम भाऊ. बिल वाढून राह्यलं."

त्या घरात जायचं नाही ही कल्पनाच मला सहन होत नव्हती.

सकाळी निघालो. सकीनाने माझा ऑलिव्ह ग्रीन शर्ट काढून घेतला आणि पोराचा चौकड्यांचा शर्ट दिला. आमच्या भागातल्या फौजींना हे शिकवावं लागत नसे. गडचिरोलीच्या त्या रस्त्यावर हिरव्या कपड्यातला माणूस पोलिसांनाही खटकायचा आणि जंगलातल्या नक्षल्यांनाही. सुट्टीवर येताना दसरू बूटसुद्धा पिशवीत घालून चप्पल घालायचा.

चंद्रपूर, मूल, मग सावली. सावलीला पोचलो तेव्हा नामदेव बांधीत, धानाच्या शेतात होता. धान कधीच निघालेलं, तो धुऱ्यावरची लाखोळीची रोपं उपटत होता. नामदेव म्हणजे आमच्या कंपनीतला सगळ्यात हलका हात. थ्री-टनर ट्रक असा चालवायचा की मागे बसलेल्यांना गियर बदललेला कळू नये. पण रिटायर झाल्यापासून त्याने कुठल्याही स्टिअरिंगला हात लावला नव्हता. गावात सायकलवर फिरायचा आणि एसटीत बसला तर ड्रायव्हर दिसणार नाही अशी मागची सीट धरायचा.

मी आडवळणाने बोलणारा माणूस नाही. बिरजूचा निरोप त्याला बांधीतच सांगितला.

"मी नाई येत," तो म्हणाला.

"मग गाडी जाते."

"जाऊ दे."

"म्हातारी बोलावून राह्यली बे. एकदा तोंड दाखवायला काय जातं तुझं?"

"शेख, तू जेवाले आला ना? जेव. त्या गोष्टी नको काढू."

रात्री त्याच्या बायकोने पाटोडीची भाजी केली होती. ती वाढता वाढता हळूच म्हणाली, "भाऊजी, घेऊन जा यांना. घरी असले तरी घरी नसतात." नामदेव खाली मान घालून जेवत राहिला. मला इतका राग आला की वाटलं ताट उचलून अंगणात जावं. पण भाजी चांगली झाली होती.

सकाळी मला जाग आली ती खटखट आवाजाने. बाहेर येऊन बघतो तर नामदेव माझ्या मोटारसायकलीपुढे उकिडवा बसलेला, हातात पाना. त्याने फर्स्ट परेड सुरू केली होती. सवय अशी की तो माणूस देवाला विसरला असेल, पण उभी गाडी दिसली की हात आपोआप जायचा.

"चेन किती ढिली आहे तुझी," तो गुरगुरला. "उस्ताद म्हणे. अशी घेऊन जाऊन राह्यला होता?"

"तू कसली ना आता. झालं."

"कसली, पण चालवून पाहावं लागन. तू चालव, मी मागं बसतो. वैनगंगेच्या पुलापर्यंत येतो. तिथून एसटीनं वापस."

मी नुसती किक मारली. बोललो असतो तर तो उतरला असता.

पुलावर थांबलो. त्याने चेन बघितली. म्हणाला, गडचिरोलीला एसटी लवकर मिळते. गडचिरोलीच्या स्टँडवर म्हणाला, इथं फार गर्दी आहे, चामोर्शीला उतरतो. चामोर्शीला मी गाडी थांबवलीच नाही. मागून त्याने पाठीत एक गुद्दा घातला, पण उडी मारली नाही.

आष्टीला चहाला थांबलो. तिथे एक पोलीस गाडी उभी होती. तिच्यातल्या एका तरुण शिपायाने विचारपूस केली, कुठून आलात, कुठे चाललात. मी म्हटलं, मित्राच्या घरी. "नाव?" मी म्हटलं, "दसरू मडावी." त्याने दोघांकडे बघून सोडून दिलं. नाव ऐकून नामदेव कप घेऊन बाजूच्या बाकड्याकडे गेला. बाकड्यावर बसून त्याने पहिल्यांदा मला ती गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत मी विचारलं नव्हतं. मला वाटत होतं, मला सगळं माहीत आहे.

मला जे माहीत होतं ते आधी सांगतो.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. काश्मीरमधला एक घाट. थंडीचे दिवस, दुपारची वेळ, रस्त्याच्या कडेला घाण झालेला बर्फ. बारा गाड्यांचा कॉन्व्हॉय. चौथी गाडी मडावीची, शेजारी को-ड्रायव्हर भोयर, मागे सुट्टीवरून परतणारे अकरा जवान. पाचवी गाडी माझी. माझ्या केबिनमध्ये रेडिओ ऑपरेटर होता.

उजवीकडच्या उतारावरून फायर आला. आधी काच फुटल्यासारखा आवाज, मग सलग. अशा वेळी नियम एकच असतो. थांबायचं नाही. थांबलेली गाडी स्वतः मरते आणि मागच्यांना मारते. सेटवर सुभेदार साहेबांचा आवाज आला.

"ऑल गाड़ी, रुकना नहीं. गैप रखो, चलते रहो. ओवर."

मग लगेच, "पाँच नंबर, तुम्हारे आगे वाला धीरे क्यों है? हॉर्न दो. ओवर."

चौथी गाडी खरंच हळू होती. सेकंड गियरमध्ये इंजिन नुसतं किंचाळत होतं. चढ संपून सपाट रस्ता लागला होता, कोणीही थर्ड टाकला असता, पण मडावी टाकत नव्हता. मी हॉर्नवरचा हात काढला नाही. तोंडाने काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. असं किलोमीटरभर चाललं. मग डोंगराचं वळण आलं, त्याच्या आडोशाला पुढच्या गाड्या पोचल्या, मडावीची पोचली, आणि झटका खाऊन बंद पडली. इंजिन क्लच न दाबता बंद पडावं ही ड्रायव्हरची बेअब्रू. मी माझी गाडी लावून धावत गेलो. दार उघडलं तेव्हा मडावीचा हात हँडब्रेकवर होता. हँडब्रेक पूर्ण ओढलेला. खाली पेडलजवळ सगळं लाल.

गोळी दार फोडून, उजव्या मांडीवरून जाऊन डाव्या मांडीत शिरली होती. त्या पायाने क्लच दाबता येत नव्हता, म्हणून गियर बदलत नव्हता. डॉक्टरची गाडी मागून येईपर्यंत तो गेला. मागचे अकराही जण खाली उतरले, एकाच्याही अंगावर ओरखडा नव्हता.

आता नामदेवने सांगितलेलं. त्या केबिनमध्ये दोघांच्या मधे इंजिनची मोठी पेटी असते, शेजाऱ्याचे पाय दिसत नाहीत.

"मले दिसलं नाई रे," तो म्हणाला. "मी खाली वाकून होतो. मले फक्त इंजिन ऐकू येत होतं. मी वरडून राह्यलो होतो त्याच्यावर. गियर बदल ना बे, इंजिन मारशील काय. पूर्ण रस्ताभर. तो काहीच बोलला नाई. अन् बंद पडली तवा मी म्हटलं, तुले कोणं ड्रायव्हर केलं बे, क्लच कुठी आहे तुझा? त्यानं माझ्याकडं पाह्यलं. हसला का काय मालूम नाई. हँडब्रेक वढला. बस." त्याने कप ठेवला. "शेवटचं मी त्याले हे बोललो. हे सांगू तिले? त्याच्या मायले?"

मी म्हटलं, "मीही मागून हॉर्न वाजवत होतो. शिव्याही देत होतो. तू दिल्यास त्याहून घाण."

त्याने माझ्याकडे बघितलं. "तू बी?"

"सेकंडमध्ये कोकलणारं इंजिन ऐकून गप्प बसेल असा ड्रायव्हर तू पाह्यलास का?"

त्याने चहाचे पैसे दिले. मग उठून गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला. एसटीचं नाव त्यानंतर त्याने काढलं नाही. मी त्याला न्यायला निघालो होतो, आणि आता तिथे नेऊन आपण म्हातारीचं वाईट करतोय की काय, असं वाटायला लागलं.

आलापल्लीच्या पुढे डांबर सोडून आत वळलो. दोन्हीकडे उंच साग, वाटेवर पाचोळा, मोहाचा गोड वास. गाव दिसलं तेव्हा ऊन उतरलं होतं. माय अंगणात वाळवलेली मोहाची फुलं टोपल्यात भरत होती. बारीक, ताठ बाई. आमच्याकडे बघून उठली नाही. आम्ही जवळ गेल्यावर तिने नामदेवला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"भोयर ना तू?"

"हो माय."

"बस."

बिरजूने खाट टाकली. मायने पाण्याचा गडवा दिला, मग आंबील दिली. नामदेवने आंबील तोंडाला लावली आणि खाली ठेवली.

"माय, मी तुले सांगाले आलो," तो म्हणाला. "तो गाडी चालवून राह्यला होता तवा मी त्याले शिव्या देत होतो. मले मालूम नोहतं त्याले लागलं म्हणून. शेवटपावतर शिव्याच देत होतो."

मी मायच्या तोंडाकडे बघायची हिंमत केली नाही. बिरजूकडे बघत राहिलो.

"मंग?" माय म्हणाली. "त्याले शिव्या कोण देत नोहतं? मी बी देत होती. काम करता करता थांबे नाई, ऐके नाई. त्याच्या बापासारखा." तिने टोपलं बाजूला सरकवलं. "तुले लागलं होतं काय?"

"नाई."

"मागच्या पोरायले?"

"नाई माय. कोणालेच नाई."

तिने मान हलवली. हे तिला आधी कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. साहेबांचं पत्र आलं होतं, मीही सांगितलं होतं. पण तिला ते गाडीत बसलेल्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं.

मग ती पडवीकडे गेली आणि गाडीवरचं पोतं तिने स्वतः ओढून काढलं. "हे पाहा बाबू. माझ्या पोरानं तुले नेलं ना? वाचवून नेलं ना? आता तू मले ने. हा शेख येते, फटफट करते, बंद करते. मी काय आवाज ऐकत मरू?" मला हसू आलं आणि रडूही. "बाजार नाई. आज बाजार नाई. त्याच्या दगडापावतर ने."

त्यांच्या जमातीत गेलेल्या माणसाच्या नावाने दगड उभा करतात. दसरूचा दगड गावाबाहेर नाल्याच्या काठी होता.

नामदेवने चपला काढल्या. का काढल्या माहीत नाही. टायरमध्ये हवा भरली, कॅनमधलं पेट्रोल टाकलं, प्लग काढून पुसला, ऑइल बोटावर घेऊन बघितलं. मी हात लावायला गेलो तर त्याने मनगट धरून बाजूला केलं. तिसऱ्या किकला इंजिन लागलं. त्याने कान खाली नेऊन ऐकलं. मग सरळ उभा राहिला, टाचा जुळवल्या आणि माझ्याकडे बघितलं. मी काय करणार? मीही सावधानमध्ये उभा राहिलो.

"लान्स नाईक मडावी की गाड़ी, फिट फॉर रोड, उस्ताद."

"ठीक है. ले जाओ."

बिरजूने मायला धरून मागे बसवलं. तिने दोन्ही हातांनी नामदेवचा शर्ट मुठीत धरला. गाडी अंगणातून निघाली, फर्स्ट, मग सेकंड. गावाची वाट संपली, पुढे सपाट कोरडी वाट लागली, तरी तो सेकंडमध्येच होता. इंजिन वरच्या पट्टीत ओरडत सागांच्या आत गेलं. आमच्या कंपनीतला सगळ्यात हलका हात, आणि गियर बदलत नव्हता. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. मी तोंड गच्च मिटून धरलं. बिरजू म्हणाला, "भाऊ, गाडी खराब तं नाई?" मी मान हलवून नाही म्हटलं.

आवाज नाल्यापाशी थांबला. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. बिरजूने मोहाची उरलेली फुलं टोपल्यात भरली. मग इंजिन पुन्हा लागलं आणि वाटेने परत यायला लागलं. फर्स्ट, सेकंड, आणि मग थर्ड पडला. इतका हलका की दुसऱ्या कोणाला कळलाही नसता. मला कळला.

ती गाडी विकली गेली नाही. नामदेव आता माझ्याआधी तिकडे जातो आणि मायला अहेरीच्या बाजारात नेऊन आणतो. मीटरचा आकडा मी बघणं सोडून दिलं.

आमच्या कंपनीचा लान्स नाईक दसरू मडावी, ड्रायव्हर. त्याच्या गाडीत तो धरून तेरा जण होते. मागचे अकरा घरी पोचले. शेजारचा बारावाही पोचला, जरा उशिराने.